तपासणीची तयारी

पोळी गोल होत आली होती आणि लाटणं हातातून गेलं. पडलं असं म्हणता यायचं नाही, कारण वस्तू पडते तेव्हा हाताला आधी कळतं. इथे हाताला काही कळलंच नव्हतं. प्रेमलाने खाली पाहिलं तर लाटणं ओट्याच्या कडेकडेने घरंगळत चाललेलं आणि उजवा हात अर्ध्या पोळीवर पालथा पडलेला, दुसऱ्या कुणीतरी तिथे विसरून गेल्यासारखा. तिने त्याला ऊठ म्हटलं. मनातल्या मनात, पण अगदी स्पष्ट. तो उठला नाही. रंगरावच्या खानावळीतला तो ओटा, पिठाचा ढीग, तव्यावरचा धूर, बाहेर डब्यांची झाकणं लावल्याचा खडखडाट, सगळं जागच्या जागी होतं, फक्त हात तेवढा रजेवर गेला होता. शेजारी तव्यापाशी उभी असलेली मुक्ताई पोळी उलटता उलटता म्हणाली, "काय गं, पोळीवर पंजाचा शिक्का मारून देते का पोरांना? म्हणजे कुणाची पोळी ते कळंल." प्रेमला हसली. हसणं निदान जमलं. डाव्या हाताने तिने उजवा उचलून पदराखाली घेतला, जणू पदर नीट करायचा आहे, आणि तसाच धरून ठेवला. कढईत टाकलेली मोहरी तडतडून थांबायला लागतो तेवढा वेळ गेला असेल, नाहीतर त्याच्या दहापट, तिला सांगता आलं नसतं. मग मुंग्या आल्या. मुंग्यांमागून बोटं आली. शेवटी अंगठा आला, उशीर झालेल्या पोरासारखा खाली मान घालून. तिने लाटणं उचललं, धुतलं, आणि पंजा उमटलेली पोळी मोडून पुन्हा गोळा केला. झालं. काही झालं नाही. काही झालंच नव्हतं, असं ती स्वतःला सांगत होती तोवर गल्ल्यावरून रंगरावने हाक मारली, की प्रेमलाबाई, लेकीचा फोन.

अपेक्षाचा आवाज हिंजवडीहून येताना नेहमी एसीत ठेवल्यासारखा यायचा, गार आणि नीटनेटका. ती म्हणाली की आगटे डॉक्टर उद्यापासून बाहेरगावी चाललेत, म्हणून तिने त्यांना फोन करून आजची संध्याकाळ मागून घेतलीय, ती लवकरची बस पकडून येईल, आईने तयार राहावं. प्रेमला म्हणाली, आज कसं जमंल. अपेक्षाने विचारलं, आज काय आहे? आता यावर काय सांगायचं? पिठाने पांढरा झालेला रिसीव्हर हातात धरून ती गल्ल्यावरच्या गणपतीकडे बघत राहिली. आज काही नव्हतं, हीच तर अडचण होती. आज तिची तयारी झाली नव्हती.

कारण तपासणीची तयारी असते, हे प्रेमलाएवढं कुणाला ठाऊक नव्हतं. तारीख जवळ आली की ती लोणच्याची बरणी वरच्या फळीवर टाकायची, पापड बंद, भाजीत मीठ घालायच्या आधी आपली वाटीभर बाजूला काढून ठेवायची. गोळ्या अगदी घड्याळ बघून. दुपारची डुलकी, संध्याकाळी देवापाशी बसणं, कुणाशी वाद नाही, नवऱ्याने भाजीला नावं ठेवली तरी गप. आणि तपासणीच्या दिवशी रंगरावकडून अर्धी सुट्टी. अशी चकचकीत होऊन ती आगटे डॉक्टरांपुढे हात ठेवायची आणि डॉक्टर बीपीचा पट्टा सोडत म्हणायचे, "पास. फर्स्ट क्लास." ते असं इतक्या खुशीत म्हणायचे की घरी येईपर्यंत तिच्या पायांना वजन नसायचं. मग बरणी खाली यायची आणि गोळ्यांची पट्टी तांदळाच्या डब्यामागे जायची, पुढच्या तारखेपर्यंत. अपेक्षासुद्धा परीक्षा संपली की पुस्तकं पलंगाखाली ढकलायची की! गोळीशी तिचं वैर नव्हतं. पण ती पाण्याची गोळी होती, घेतली की सकाळभर दर थोड्या वेळाने जावं लागायचं, आणि रंगरावच्या खानावळीत बायकांना जायला जागा नव्हती. वर कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरांचं होतं एक. तिथे जायचं तर रंगरावकडे किल्ली मागायची, जिन्यात टॉवेल गुंडाळून उभ्या असलेल्या पोरांमधून वाट काढायची आणि परत येऊन त्याच पोरांच्या पोळ्या लाटायच्या. मुक्ताई सकाळपासून पाण्याचा घोट घ्यायची नाही. प्रेमलाने पाणीही सोडलं आणि गोळीही सोडली. हे डॉक्टरांना सांगायचं कसं? ते बारीक मिशीतून हसत विचारणार, गोळी रोज घेता ना? आणि त्यावर किल्लीपासून सुरुवात करायची? त्यापेक्षा 'हो' किती आखूड आणि स्वच्छ शब्द.

शिवाय आता गोष्ट तिच्या एकटीची राहिली नव्हती. अपेक्षाला कंपनी अमेरिकेला पाठवत होती. ऑनसाइट. हा शब्द वैजनाथने, म्हणजे प्रेमलाच्या नवऱ्याने, कारखान्यातल्या सगळ्या शिफ्टना ऐकवला होता. व्हिसा झाला होता, बॅग आली होती, बॅगेला कुलूप आलं होतं, आणि पोरगी एकच धरून बसली होती: आईचं बीपी नीट असेल तर जाईन, नाहीतर मॅनेजरला नाही म्हणून सांगेन, तिथे बसून रात्री-अपरात्री तुझी काळजी करण्यात मला इंटरेस्ट नाही. वैजनाथ जेवता जेवता प्रेमलाला म्हणाला होता, "तुह्या बीपीवर पोरीचं तिकीट हाये बरं, सांभाळ बाप्पा." तो हसत म्हणाला होता, वाशिमकडची सगळी माणसं गंभीर गोष्ट हसतच म्हणतात, पण त्या दिवसापासून प्रेमलाला आपला हात, जिथे तो पट्टा बांधतात तो दंड, आपला वाटेनासा झाला होता. तो विमानतळावरचा शिपाई होता. तो सोडेल तर अपेक्षा जाणार.

दुपारी ती घरी आली आणि तिने तांदळाच्या डब्यामागून पट्टी काढली. आज सकाळची घ्यायची होती ती, कालची, परवाची. अशी मागची सगळी उजळणी एकदम करता येते का? पोरं करतात, रात्रभर जागून, आणि पासही होतात. तिने गोळी दाबली. चांदी फाटली नाही. उजवा अंगठा परत आला होता खरा, पण रिकाम्या हाताने आला होता. दाब म्हटलं की नुसता टेकायचा. पुन्हा दाबलं. मग तिने पट्टी दातांत धरून फाडली, एक गोळी जिभेवर घेतली, आणि थोडं थांबून दुसरी. पाणी प्यायली. आरशात पाहिलं, चेहरा तोच होता. सकाळचं अपेक्षाला सांगायचं का, हा विचार तिने पाण्याबरोबर गिळायचा प्रयत्न केला तर तो घशात अडकला. सांगितलं तर तिकीट गेलं. नाही सांगितलं तर? नाही सांगितलं तर काय, हे तिला नीटसं माहीत नव्हतं, आणि न माहीत असलेल्या त्या जागेवरून गार वारा येत होता. त्या दुपारी ती आडवी झाली, पण डोळे मिटले की कंपनीच्या फॅमिली डेचा तो हॉल दिसायचा.

काय तो हॉल! जमीन पाय ठेवायची भीती वाटावी इतकी चकचकीत, आणि गारवा असा की दाखवायला आणलेल्या शालीची खरंच गरज लागली. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी भिंतीवर उजेड पाडून चित्र दाखवलं. शेजारी शेजारी चार उभे मनोरे. त्या म्हणाल्या की हे बघा, शिक्षण कमी असलेल्यांत उच्च रक्तदाबाचा धोका जास्त आढळतो आणि शिक्षण वाढत जातं तसा तो कमी होत जातो. अगदी गोड आवाजात म्हणाल्या. सगळ्यात उंच मनोऱ्याखाली लिहिलं होतं, प्राथमिक किंवा त्याहून कमी. प्रेमलाने ते वाचलं. वाचता येत होतं ना तिला. चौथी म्हणजे त्यातच. शेवटचा मनोरा एवढासा बुटका, पदवीधर, आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत तो बुटका मनोरा ओढणी सावरत बसला होता. एकाच घरात, एकाच भाजीचं मीठ खाऊन! आधी तिला अभिमान वाटला. पोरीला आपण त्या उंच मनोऱ्यावरून उतरवून खाली सुरक्षित आणून सोडलं. मग वाटलं, आणि आपण वर एकट्याच राहिलो. जिना तर नव्हताच त्या चित्रात. हॉलमधले सगळे आता वळून बघतील, मनोऱ्यावर बसलेली बाई कोण ती, असं वाटून तिच्या कानांत धडधड सुरू झाली. भाषण संपल्यावर अपेक्षाची मैत्रीण सृष्टी सरबताचे ग्लास घेऊन आली आणि सहज, अगदी सहज म्हणाली, काकू, तुमचं शिक्षण काय झालंय? प्रेमला म्हणाली, दहावी. अपेक्षाने ग्लासातल्या बर्फाकडे पाहिलं. परतीच्या बसमध्येही ती त्याबद्दल काही बोलली नाही, फक्त आईचा हात हातात घेऊन बसली, आणि ते न बोलणं प्रेमलाला अजून बोचत होतं.

चौथीपर्यंतची शाळा म्हणजे एक खोली आणि दत्तोबा गुरुजी. रिसोडच्या पुढे आत, नाल्याकाठी. तिथे ती काय शिकली, असं कुणी विचारलं असतं तर तिला एकच दिवस आठवला असता, साहेब तपासणीला आले तो. गुरुजी आठवडाभर आधीपासून घामाघूम. शेणाने सारवून घेतलं, तक्ते टांगले, आणि त्या दिवशी सकाळी मठ्ठ पोरांना नाल्यावर काड्या वेचायला पाठवून दिलं. त्यांत तिचा थोरला भाऊ शंभू होता. तो तर उड्या मारत गेला. प्रेमलाला मात्र पहिल्या रांगेत बसवलं, वेणीला नवी रिबीन. भागाकार तिला येत नव्हता. पण एक भागाकार गुरुजींनी तिच्याकडून इतक्यांदा घोटून घेतला होता की झोपेतसुद्धा तिने तो सोडवला असता. साहेब आले, खुर्चीत बसले, गुरुजींनी तिला उभं केलं, फळ्यावर तोच भागाकार घातला, आणि खडू कर्र कर्र वाजवत तिने उत्तर काढलं. साहेब म्हणाले, शाब्बास. मग त्यांनी विचारलं, बाळ, हा वरचा आकडा कुठून आणलास? ती गप्प. गुरुजी झटकन म्हणाले, हुशार आहे साहेब, लाजते. साहेब हसले आणि पुढे गेले. त्या दिवशी शाळेला चांगला शेरा मिळाला आणि गुरुजींनी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. साहेब गेल्यावर शंभू आणि बाकीची पोरं काड्यांच्या मोळ्या घेऊन परत आली, तक्ते उतरवून पेटीत गेले. भागाकार तिला पुढेही आला नाही. पण साहेब येतो तेव्हा काय दाखवायचं आणि काय नाल्यावर पाठवून द्यायचं, हे मात्र ती पक्कं शिकली, आणि ते इतकं पक्कं की पुण्यात आल्यावर, कारखान्याच्या चाळीत, घरमालकापुढे, अपेक्षाच्या कॉन्व्हेंटच्या मोठ्या बाईंपुढे, सगळीकडे ते तिच्या उपयोगी पडलं. शंभू काही शिकला नाही. त्याचं बीपी कुणी कधी मोजलं नव्हतं, त्यामुळे त्याला ते नव्हतं.

संध्याकाळी दवाखान्याच्या बाकड्यावर बसल्या बसल्या दुपारच्या गोळ्यांनी आपलं काम सुरू केलं. कोपऱ्यातल्या दारावर पाटी होती: 'फक्त स्टाफसाठी. इतरांनी घरून जाऊन यावे.' पुण्याच्या पाट्या वाचून अपेक्षाला हसू यायचं. आताही तिने आईला कोपर मारून ती दाखवली. प्रेमला मांडीवर मांडी घट्ट दाबून बसली. अपेक्षा तिकडच्या थंडीबद्दल सांगत होती, की आई, बर्फ पडला की रस्ता दिसतच नाही, आणि घरात मात्र हीटर, आणि आपण वेबकॅम घेऊ म्हणजे तू मला रोज बघशील. तिच्या आवाजात आधीच तिकडचा गारवा होता. प्रेमला हो हो म्हणत होती. हो म्हणताना तिला वाटलं, ओठाचा एक कोपरा दुसऱ्याच्या मागे राहतोय. डोक्याच्या डाव्या बाजूला कुणीतरी ओलं फडकं पिळत होतं. सांगावं का आता? या बाकड्यावर, या चार माणसांत? अगं, सकाळी माझा हात गेला होता, मग आला. एवढंच तर वाक्य. पण त्या वाक्याच्या मागे गोळ्या उभ्या होत्या, गोळ्यांच्या मागे किल्ली, किल्लीच्या मागे टॉवेल गुंडाळलेली पोरं, आणि सगळ्यांच्या मागे ते बुटकं, सुरक्षित पोर, बॅगेला कुलूप लावून निघालेलं. एक ओढलं की सगळं येणार. तिने जीभ दातांखाली धरली. तेवढ्यात आत बोलावलं.

आगटे डॉक्टरांनी पट्टा बांधला, फुगवला, सोडला. पुन्हा फुगवला. दुसऱ्या वेळी ते कानातली नळी काढेनात. पारा उतरून गेला तरी तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "काय प्रेमलाताई, यावेळी अभ्यास झालेला दिसत नाही." ते गमतीनेच म्हणाले, कोरड्या आवाजात, पण प्रेमलाला ती गंमत वाटली नाही. कळलं. यांना सगळं कळलंय. पण त्यांना काही कळलं नव्हतं. ते अपेक्षाकडे वळून इंग्रजीत आकडे सांगायला लागले, आणि मग मराठीत, की रोज गोळी घेऊनही एवढं आहे म्हणजे ही गोळी पुरत नाही, आपल्याला आणखी जोरदार औषध जोडावं लागेल. अपेक्षाने आईकडे पाहिलं. अशी ती कधी रडायची नाही. रडण्याऐवजी तिचा चेहरा कामाला लागायचा. ती म्हणाली, "ठीक आहे. मी उद्या मेल टाकते. नाही जात."

आणि प्रेमलाच्या आत काहीतरी सुटलं. इतकी वर्षं नाल्यावर पाठवून दिलेलं सगळं, मोळ्या घेऊन, एकदम दारात येऊन उभं राहिलं. औषध जोडू नका. औषध पुरतं. मीच घेत नाही. किती सोपं होतं! ती पुढे सरकली आणि बोलायला लागली. आधी डॉक्टरांना सांगितलं की तुमची गोळी चांगली आहे, दोष तिचा नाही. मी फक्त तुमच्याकडे यायच्या आधी घेते. का, तेही सांगितलं, लाज न बाळगता, किल्ली आणि जिना आणि टॉवेल. मग सकाळचा हात सांगितला. मग अपेक्षाकडे वळून सांगितलं की मेल टाकू नकोस, तू जा, मी आता खरंच घेईन, रंगरावला सांगेन जागा कर म्हणून, नाही केली तर दुसरी खानावळ बघेन, मला पोळ्या येतात, मला कुठेही काम मिळेल. वाक्यं कशी भराभर येत होती, एकाला एक जोडून, शाळेतसुद्धा तिला इतकं नीट कधी बोलता आलं नव्हतं.

आणि ते ऐकत होते! डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आजवर त्यांनी तिचं बोलणं ऐकताना पेन खाली ठेवलं नव्हतं. ते टेबलाला वळसा घालून आले आणि चक्क तिच्यापुढे उकिडवे बसले, तिचे दोन्ही हात हातांत घेतले, समोर धरले आणि सोडले. डावा तिथेच राहिला. उजवा मांडीवर जाऊन पडला, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही, कारण सांगायचं अजून बरंच होतं.

"कधीपासून असं बोलतायत या?" डॉक्टरांनी विचारलं.

"आत्ता. आत्तापर्यंत नीट बोलत होती," अपेक्षा म्हणाली. तिने आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला होता. "आई, काय म्हणतेयस तू? आई, एकसुद्धा शब्द कळत नाहीये गं."

हे ती साध्या मराठीत म्हणाली, घरात बोलतात तसं. पण प्रेमलापर्यंत त्यातला नुसता आवाज पोचला. ही दोघं पुन्हा इंग्रजीत बोलायला लागली, असं तिला वाटलं. बोलू देत. शिकलेली माणसं, काळजीचं काही असलं की इंग्रजीत बोलतातच. डॉक्टर दारापाशी जाऊन ओरडून कुणाला तरी काहीतरी आणायला सांगत होते, बाकड्यावरची माणसं उठून आत डोकावत होती, आणि अपेक्षा, तिची शहाणी, बुटकी पोर, जराही नजर न हटवता तिच्या तोंडाकडे बघत होती. इतकं कान देऊन प्रेमलाचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. आपण फार भराभर बोललो असू, तिला वाटलं. सवय नाही ना. तिने श्वास घेतला, जीभ ओठांवरून फिरवली, आणि पुन्हा पहिल्यापासून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगायला सुरुवात केली.